शेपूट फाटलीय, आता औषध कुठलं टाकू?

थंडी आली की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. उन्हाळ्यात सगळे विचारतात मासे वर येऊन तोंड का उघडतायत, आणि डिसेंबर-जानेवारीत सगळ्यांच्या माशांच्या शेपट्या फाटलेल्या. यावेळी तर या एकाच गोष्टीवर एवढी पत्रं आलीयेत की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेते, रागावू नका. नावं छापत नाहीये, फक्त भाग दिलाय.

प्रश्न (सिंहगड रोड) : ताई, आमचा दोन फुटी टँक आहे. दोन गोल्डफिश आणि काचेला चिकटून राहणारा एक सकर मासा, तीन वर्षं अगदी गुण्यागोविंदाने चाललं होतं. दिवाळीत भाच्याने हौसेने चार टायगर बार्ब आणून सोडले. आता मोठ्या गोल्डफिशची शेपूट निम्मीच राहिलीये, मधे उभी चीर पडलीये आणि कडा लोंबतायत. दुकानदाराने निळं औषध आणि एक पिवळी पावडर दिली, दोन्ही टाकलं, पाणी हिरवंनिळं झालं, काचेच्या जोडावरचं सिलिकॉनसुद्धा निळं पडलं, आणि मासा आता तळाशी बसून आहे. मिस्टर म्हणतात हा काही वाचत नाही. याहून स्ट्राँग औषध कुठलं मिळेल?

उत्तर : अजून औषध नको, आहे तेच आधी बाहेर काढा.

मिस्टरांना सांगा की फाटक्या शेपटीने मासा सहसा मरत नाही, तो मरतो ती शेपूट बरी करायला आपण जे काय काय ओततो त्याने. ते निळं म्हणजे मिथिलीन ब्लू. बुरशीवर आणि अंड्यांसाठी ते चांगलं आहे, पण वेगळ्या टबात वापरायचं असतं. तुमच्या फिल्टरच्या स्पंजमध्ये जे उपयोगी बॅक्टेरिया वाढलेले असतात, म्हणजे माशांच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून येणारा अमोनिया आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे, त्यांनाच ते मारतं. हे बॅक्टेरिया नवीन टँकमध्ये तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात आणि तुमच्याकडे तीन वर्षांची जमलेली फौज होती. पिवळी पावडर बहुतेक अँटिबायोटिक असणार, तिनेही तेच केलं असेल. त्यामुळे मासा तळाशी बसलाय तो शेपटीच्या दुखण्याने असं मला वाटत नाही, अमोनिया चढलाय म्हणून बसलाय.

आज साधारण चाळीस टक्के पाणी बदला, उद्या तीस टक्के, परवा परत तीस. सगळं एकदम बदलू नका, त्या धक्क्याने जास्त त्रास होतो. फिल्टरमध्ये ॲक्टिव्हेटेड कार्बनची पिशवी ठेवा, तो निळा रंग ओढून घेतो. सिलिकॉनचा निळा मात्र आता जन्माचा, तो सोडून द्या. आणि अमोनियाचं टेस्ट किट आणा, पट्टीवालं नको, थेंबांचं आणा, पट्ट्या फार अंदाजे दाखवतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य यायला पाहिजेत, नायट्रेट चाळीसच्या खाली असला तर ठीक. आकडा शून्य येईपर्यंत रोज थोडं पाणी बदलत राहायचं आणि खाणं निम्म्यावर आणायचं, कारण जेवढं खाणं आत जातं तेवढाच अमोनिया बाहेर येतो.

पाणी बदलताना आपल्या पुण्याची एक भानगड लक्षात ठेवा. गुरुवारी देखभालीसाठी पाणी बंद असलं की शुक्रवारी सकाळी ते उशिरा आणि कमी दाबाने येतं, आणि पहिलं पाणी बऱ्याचदा गढूळ असतं. ते टँकला वापरू नका, बुधवारीच दोन बादल्या भरून ठेवा. रात्रभर एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) सोडून ठेवला की क्लोरीन उडून जातो, घाई असेल तर अँटी-क्लोरीनचे थेंब. आणि बादलीत हात घालून बघा हो! या दिवसांत रात्रभर गॅलरीत ठेवलेलं पाणी अगदी बर्फगार झालेलं असतं, ते तसंच ओतलं तर मासा अजून आजारी पडेल. थोडं गरम पाणी मिसळून टँकच्या पाण्याएवढं करून घ्या. बादली टँकची वेगळी ठेवा, फरशी पुसायची नको, साबणाचा अंश सुद्धा कल्ल्यांना चालत नाही.

आता शेपटीबद्दल. माशाचा पर म्हणजे छत्री समजा, बारीक हाडांच्या काड्या आणि त्यांच्यामध्ये ताणलेला पातळ पडदा. तुमच्या माशाची चीर उभी आहे म्हणताय, म्हणजे दोन काड्यांमधला पडदा फाटलाय, ती सगळ्यात सोपी जखम, पाणी स्वच्छ असेल तर आपली आपण भरते. बार्बांनी खाल्लेल्या जागी काड्याही तुटल्यात, त्यासुद्धा परत येतात पण वेळ लागतो, आणि एखादी काडी वाकडी येऊ शकते किंवा नवीन भागाचा रंग थोडा वेगळा दिसू शकतो. जोपर्यंत जखम पराच्या मुळापर्यंत, म्हणजे जिथे शेपूट अंगाला चिकटते तिथपर्यंत पोचलेली नाही तोपर्यंत काळजीचं कारण नाही. मुळावरच घाव असेल तर मात्र तेवढा भाग कायमचा गेला असं समजायचं.

फाटणं आणि सडणं यात फरक आहे आणि तो ओळखता आला की निम्मं काम झालं. फाटलेल्या पराची कड स्वच्छ असते, रंग बाकीच्या परासारखाच, एका रात्रीत होतं आणि मग तिथेच थांबतं. सडणाऱ्या पराची कड पांढुरकी, करडी नाहीतर काळपट-लालसर होते, कातरल्यासारखी दिसते आणि रोज थोडी थोडी आत सरकते. डोळ्याने हे कळत नाही कारण आपण रोजच बघत असतो, म्हणून मोबाईलवर रोज एक फोटो काढा, एकाच बाजूने, एकाच उजेडात, मासा काचेला समांतर असताना. चार दिवसांचे फोटो शेजारी शेजारी ठेवले की सगळं समजतं, मला पत्रात शेपटीचं वर्णन लिहून पाठवायचीही गरज पडत नाही.

वेगळा टब करायचा का? तुमच्या बाबतीत हो, कारण बार्ब अजून तिथेच आहेत. तसा जखमी माशाला नवीन जागी हलवणं हाही त्रासच असतो, त्यामुळे चावणारं कुणी नसेल तर मी सहसा हलवू नका म्हणते, पण इथे बार्बांना हलवा नाहीतर गोल्डफिशला. मला विचाराल तर बार्बांनाच टबात टाका. घर गोल्डफिशचं आहे, तो तीन वर्षं राहतोय तिथे, पाहुणे ते आहेत. ते जमणार नसेल तर वीस-तीस लिटरचा साधा प्लॅस्टिकचा टब घ्या, आत खडी नको, एक स्पंज फिल्टर, लपायला पीव्हीसी पाइपचा एक रुंद तुकडा, वर जाळी, बास. जुन्या फिल्टरमधला स्पंज कापून त्यात ठेवला तर थोडे तरी बॅक्टेरिया मिळतील. पण एवढ्याशा पाण्यात गोल्डफिश असेल तर रोज पाव-पाऊण टब पाणी बदलायला लागेल, ती तयारी ठेवा.

हलवताना जाळी वापरू नका. जाळीत लोंबती शेपूट अडकते आणि अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो, तोच त्याचा जंतूंपासून बचाव करत असतो. मोठा वाडगा नाहीतर श्रीखंडाचा रिकामा डबा पाण्यात बुडवून त्याला हळूच आत येऊ द्या आणि पाण्यासकट उचला.

खाणं दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. पेलेट्स असतील तर आधी भिजवा, मधून एखादा मटार उकडून साल काढून कुस्करून द्या. तळ्यावर गेलं की माशांना कुरमुरे आणि पाव टाकायची आपल्याकडे जी सवय आहे ती घरच्या टँकवर कृपा करून आणू नका.

आणि शेवटचं, जे सांगितलं नाही तर तुम्ही पंधरा दिवसांनी परत निळी बाटली उघडाल. जखम भरायला लागली की पराच्या कडेला एक अगदी बारीक पट्टी दिसायला लागते, पारदर्शक, कधी दुधी, तिच्यात अजून रंग नसतो, टँकच्या लाइटकडे धरून बघितली तर आरपार दिसते. लोक हिला फंगस समजतात. फंगस म्हणजे कापसाचे पुंजके, ते बाहेर उभे राहतात आणि पाण्यात हलतात. ही पट्टी सपाट असते आणि पराच्या रेषेतच असते. हा नवीन पर आहे, त्याला हात लावू नका. गोल्डफिशच्या अंगावर किंवा परांच्या टोकांना मधेच काळे डाग आले तरी घाबरू नका, अमोनियाने भाजलेली कातडी बरी होताना असे डाग बऱ्याचदा येतात आणि काही आठवड्यांत जातात. मात्र आकडा शून्य आहे ना ते किटवर बघून घ्या, कारण अमोनिया अजून चालू असेल तरी डाग येत राहतात.

प्रश्न (सदाशिव पेठ) : मी सत्तरी ओलांडलेली आहे, नातवाचे मासे माझ्याच गळ्यात पडलेत. एका गोल्डफिशचा पर फाटलाय. त्यावर हळद लावली तर चालेल का? आणि कुणी म्हणतं मीठ टाका, ते साधं मीठ का सैंधव? लोंबतं टोक कात्रीने कापून टाकावं का?

उत्तर : आजी, हळद नको. आपल्या बोटाला लावतो ती कोरड्या जखमेवर बसते, पाण्यात ती बसणारच नाही, नुसता गाळ होऊन फिल्टरमध्ये आणि माशाच्या कल्ल्यांत जाईल. कात्री तर अजिबातच नको, लोंबतं टोक आपोआप गळून जातं किंवा जुळतं, आणि त्याला बाहेर काढून धरण्यात जो जीव घाबरा होतो तो फुकट.

मीठ मात्र चांगलं, त्याबाबतीत लोक बरोबर सांगतायत. बाजारात जाडं मीठ, खडे मीठ मिळतं ना, लोणच्याला वापरता ते, तेच घ्या. सैंधवावर पैसे घालवायची गरज नाही. एका लिटरला एक ग्रॅम या हिशोबाने सुरू करा, म्हणजे चाळीस लिटरचा टँक असेल तर चाळीस ग्रॅम. चमच्याने मोजू नका, चमचे प्रत्येकाच्या घरी वेगळे, किचनच्या वजनकाट्यावर मोजा, आणि टँकमध्ये खडे टाकू नका, आधी तांब्याभर पाण्यात विरघळवून मग थोडं थोडं ओता. गोल्डफिशला हे अगदी सोसतं, गरज पडली तर दोन-तीन दिवसांत हळूहळू लिटरला तीन ग्रॅमपर्यंत नेता येतं. गोड्या पाण्यातल्या माशाच्या अंगात बाहेरचं पाणी सतत शिरत असतं आणि अंगातले क्षार बाहेर जात असतात, जखम असली की हे जास्तच होतं, मीठ टाकलं की त्याचे ते कष्ट कमी होतात. आठ-दहा दिवस पुरे.

एक गोष्ट सगळे विसरतात. पाणी उडून जातं पण मीठ उडत नाही. त्यामुळे पातळी कमी झाली म्हणून वरून पाणी घालाल तेव्हा साधं घाला, आणि पाणी काढून बदलाल तेव्हा जेवढं काढलं तेवढ्यापुरतंच मीठ घाला. नाहीतर महिन्याभरात टँकचा अरबी समुद्र होतो. टँकमध्ये खऱ्या वनस्पती, लोच किंवा कोरीडोरास जातीचे मासे असतील तर मीठ टबातच वापरा, त्यांना ते सोसत नाही.

नातवाला पाणी बदलायला लावा, तेवढं तरी त्याने करावं.

प्रश्न (वाघोली) : माझ्या फायटर माशाचे पर वितळल्यासारखे कमी होत चाललेत, कडा काळ्या-लाल. टँकमध्ये एकटाच आहे म्हणजे चावणारं कुणी नाही. टँक म्हणजे टेबलावरचं गोल भांडं, तीन लिटरचं. दर रविवारी सगळं पाणी काढून भांडं घासून धुतो, म्हणजे स्वच्छतेत कमी नाही. वर्षभर ठीक होता. सोसायटीत आता टँकरचं पाणी येतं त्याचा काही संबंध?

उत्तर : संबंध आहे, पण टँकर एकटा आरोपी नाही.

हे फाटणं नाही, हे फिन रॉट आहे, म्हणजे पाण्यात नेहमीच असणारे बॅक्टेरिया अशक्त झालेल्या माशाच्या परांवर चढलेत. तो अशक्त का झाला ते बघू. तीन लिटरमध्ये फिल्टर नाही, म्हणजे सोमवारपासून शनिवारपर्यंत अमोनिया चढतच जातो आणि रविवारी तुम्ही भांडं घासता तेव्हा काचेवर जे काही थोडे उपयोगी बॅक्टेरिया जमलेले असतात तेही धुऊन टाकता. भांडं डोळ्यांना चकचकीत दिसतं आणि माशासाठी दर आठवड्याला पहिल्यापासून सुरू. त्यात टँकरचं पाणी बहुतेक बोअरचं, आपल्या काळ्या खडकातलं बोअरचं पाणी बऱ्याचदा जड असतं आणि पीएच आठच्या आसपास. पीएच एक अंकाने वाढला की तेवढ्याच अमोनियातला विषारी भाग जवळजवळ दहापट होतो. म्हणजे पूर्वी सातच्या पाण्यात जो अमोनिया त्याने वर्षभर कसाबसा सहन केला तोच आता त्याला जाळतोय. आणि वरून थंडी. फायटर हा थायलंडकडच्या उबदार पाण्यातला मासा, त्याला २५-२७ अंश लागतात, तुमचं टेबलावरचं भांडं पहाटे वीसच्याही खाली जात असेल. गार पाण्यात त्याची प्रतिकारशक्ती मंदावते, जखम भरणंही मंदावतं.

त्यामुळे औषधाच्या आधी पंधरा-वीस लिटरचा टँक, छोटा स्पंज फिल्टर, आणि २५ वॅटचा थर्मोस्टॅटवाला हीटर. हीटर ढोबळमानाने लिटरला एक वॅट धरतात. सोबत वेगळा थर्मामीटर लावा, स्वस्तातल्या हीटरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, आणि पाणी बदलताना हीटरचा प्लग काढायचा, गरम हीटर उघडा पडला की काच तडकते. ते गोल भांडं धने पेरायला छान आहे.

पाणी अचानक बदलून पीएच खाली आणायच्या बाटल्यांच्या नादाला लागू नका. पीएच थोडा जास्त पण स्थिर असेल तर फायटर सवय करून घेतो, रोज वरखाली झाला की संपला. बदामाची पानं वापरू शकता, म्हणजे देशी बदाम, आपल्याकडे रस्त्याकडेला, शाळांच्या मैदानात असतो तो. याच दिवसांत त्याची पानं लाल होऊन गळतात. झाडाची हिरवी तोडू नका, खाली पडलेलं पूर्ण वाळलेलं तपकिरी पान घ्या, जिथे औषध फवारत नाहीत आणि गाड्यांचा धूर कमी आहे अशा जागचं, धुऊन, गरम पाण्यात थोडं भिजवून टाका. वीस लिटरला एक मध्यम पान. पाणी तपकिरी होईल, ते टॅनिन, बॅक्टेरिया आणि बुरशीला थोडा आळा घालतं आणि फायटरला असं पाणी मानवतं. मात्र हे पान म्हणजे रामबाण नाही, रॉट जोरात असेल तर त्याने थांबणार नाही.

जोरात आहे हे कसं कळणार? पर कमी होत होत अंगापर्यंत आले, परांमध्ये लाल रेघा दिसायला लागल्या, किंवा त्याने खाणं सोडलं, तर मग अँटिबायोटिकची वेळ आली. मी काही औषधाच्या विरोधात नाही, तेव्हा ते द्यायलाच पाहिजे. पण वेगळ्या टबात, एका वेळी एकच औषध, पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात, लिहिलेत तेवढे सगळे दिवस, आणि त्या काळात कार्बन काढून ठेवायचा नाहीतर तोच औषध शोषून घेतो. दोन दिवसांत बरं वाटलं म्हणून मधे सोडून देणं हे माणसांनी केलेलं जेवढं वाईट तेवढंच माशाला दिलेलं. प्राण्यांचे डॉक्टर कुत्र्यामांजरांचे असले तरी फोटो घेऊन जा, निदान औषधाचं प्रमाण ते दुकानदारापेक्षा नीट सांगतील.

प्रश्न (हिंजवडी) : माझा हाफमून फायटर, तीस लिटर, हीटर, फिल्टर, अमोनिया शून्य, सगळं व्यवस्थित. तरी सकाळी उठून बघतो तर शेपटीतून अर्धगोल तुकडे गायब. कड स्वच्छ.

उत्तर : तो स्वतःच खातोय. मोठ्या शेपटीच्या फायटरना ही खोड असते, एवढं लांब कापड मागे ओढत पोहायचा कंटाळा म्हणा नाहीतर ताण म्हणा. फिल्टरचा प्रवाह कमी करा, बाहेर येणाऱ्या पाण्यासमोर स्पंज लावा, पृष्ठभागाजवळ विसावा घ्यायला रुंद पानं द्या, आणि तुमचा मॉनिटर त्याच्या समोर रात्री दोनपर्यंत चालू असेल तर टँकची जागा बदला. काचेत स्वतःचं प्रतिबिंब दिसत असेल तर मागे काळा कागद. पाणी स्वच्छ आहे तोवर शेपूट परत येईल, खोड जाईल का याची खात्री देता येत नाही.

तेवढ्यात एक तपासून घ्या, तुमच्या टँकमध्ये प्लॅस्टिकची झाडं आहेत का? जुना नायलॉनचा मोजा त्यावरून फिरवा. धागा अडकला तर पर पण अडकतो. मग चावतोय असा आपण बिचाऱ्यावर आळ घेतोय. फिल्टर जिथून पाणी ओढतो त्या तोंडावरही स्पंजची टोपी हवी, झोपलेला फायटर तिथे ओढला गेला तरी सकाळी असंच दिसतं.

प्रश्न (धनकवडी) : मी सातवीत आहे. माझ्या माशाची शेपूट परत आली पण आपलं बोट तुटलं तर परत का येत नाही?

उत्तर : वा, सगळ्या मोठ्यांनी औषध विचारलं आणि तू कारण विचारलंस.

पर तुटला की पहिल्या दिवसातच आजूबाजूची कातडी सरकून जखमेवर झाकण घालते. मग तिच्याखाली तुटलेल्या काड्यांच्या टोकाशी पेशींचा एक छोटा ढीग तयार होतो, त्याला ब्लास्टेमा म्हणतात. गंमत अशी की तिथल्या हाड बनवणाऱ्या पेशी आपलं काम थोडं विसरून परत लहान होतात, भराभर वाढतात, आणि मग परत हाडाच्या पेशी होतात. त्यांना आपण कुठे आहोत हेही माहीत असतं, त्यामुळे जास्त तुटलेला भाग जास्त वेगाने वाढतो, कमी तुटलेला हळू, आणि शेवटी शेपूट जवळजवळ पहिल्या आकाराची होते. आपल्या शरीरात जखम झाली की ती पटकन बुजवून व्रण तयार होतो, बोटाच्या अगदी टोकाचा थोडा भाग सोडला तर तो ढीग तयारच होत नाही.

माशांचे पर परत येतात हे फ्रान्सच्या ब्रूसोने नावाच्या अभ्यासकाने १७८६ मध्येच लिहून ठेवलंय. आता जगभर यासाठी झेब्राफिश वापरतात, अंगावर निळे पट्टे असलेला तो इवलासा मासा, दुकानात अगदी स्वस्तात मिळतो, आणि तो मूळचा आपल्याकडचाच. गंगेच्या खोऱ्यातल्या माशांची नोंद करताना हॅमिल्टनने १८२२ मध्ये त्याचं वर्णन केलं. पाणी २८ अंशांच्या आसपास असेल तर झेब्राफिशची कापलेली शेपूट दोन-तीन आठवड्यांत परत येते, गोल्डफिशला थंड पाण्यात याच्या दुप्पट-तिप्पट वेळ लागू शकतो. आपल्या पुण्यात आघारकर संशोधन संस्थेतही झेब्राफिशवर, शरीराचे भाग परत कसे तयार होतात यावर काम चालतं. शाळेतून कधी विज्ञान दिनाला तिथे जायला मिळालं तर जा, आणि हाच प्रश्न तिथेही विचार. आणि हे वाचून घरी माशाची शेपूट कापून बघायची नाही, काय!

प्रश्न (कोथरूड) : शेपूट जवळपास पूर्ण आली. टबातून परत मोठ्या टँकमध्ये कधी सोडू? आणि ज्यांनी चावलं त्या टायगर बार्बांचं काय करायचं, मुलगा म्हणतो नदीत सोडून देऊ.

उत्तर : पूर्ण रंग यायची वाट बघू नका, तो महिनोन् महिने येत राहतो. कड सलग झाली, आठवडाभर नवीन इजा नाही, नीट खातोय, एवढं पुरे. टबात मीठ असेल तर सोडायच्या आधी तीन-चार दिवस साध्या पाण्याने बदलत बदलत ते उतरवा.

नदीचं नावही काढू नका. मुठेची आधीच जी अवस्था आहे ती आहे, आणि घरात मोठे झाले म्हणून सोडून दिलेले दक्षिण अमेरिकेतले सकर आज देशातल्या कितीतरी नद्या-तळ्यांत पसरलेत, स्थानिक माशांच्या मुळावर आलेत. बार्ब दुकानात परत द्या, बरेच दुकानदार फुकट घेतात. किंवा ठेवायचेच असतील तर वेगळ्या टँकमध्ये आठ-दहा एकत्र ठेवा, एवढे असले की ते आपापसातच भांडत बसतात आणि दुसऱ्यांच्या वाटेला कमी जातात, तीन-चार असले की हमखास गुंडगिरी. लांब पर असलेल्या माशांबरोबर, म्हणजे गप्पी, एंजल, फायटर, गोल्डफिश, तरीही नकोतच. सकरवरही लक्ष ठेवा, मोठा झालेला सकर रात्री गोल्डफिशच्या अंगाला चिकटून वरचा थर खातो आणि दोष भलत्यालाच लागतो.

सोडायच्या दिवशी आधी टँकमधले दगड, झाडं इकडची तिकडे करा, म्हणजे आतल्या माशांनी वाटून घेतलेल्या जागा मोडतात आणि सगळेच नवीन असल्यासारखे होतात. सगळ्यांना खायला घाला. मग लाइट बंद करून डब्यातल्या माशाला टँकचं पाणी थोडं थोडं घालत अर्धा तास सवय करा आणि डबा आडवा करा, तो आपणहून बाहेर पडेल. दुसऱ्या दिवशी सकाळी लाइट लावल्यावर पहिली दहा मिनिटं समोर बसून बघा कोण कुणाच्या मागे लागतंय, कारण पाठलाग व्हायचा असेल तर तेव्हाच सुरू होतो. झालाच तर टब लगेच आवरून ठेवलेला नसावा, आठवडाभर स्पंज फिल्टर चालूच राहू दे.